ताईचं मेकअप किट, आजीची फणेरपेटी आणि 100 मिली

एसटीत बसलं की रेंज जाते आणि एपिसोड अर्धवट राहतो, असे मेसेज दर आठवड्याला येतात. त्या सगळ्यांसाठी हा लिखित एपिसोड. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. विमानात मेकअपचं सामान कसं न्यायचं? इतिहासाच्या पॉडकास्टवर? मलाही आधी हसूच आलं होतं. पण रात्री साडेअकराला रडक्या आवाजात फोन आला की हसू येत नाही.

फोन ताईचा होता. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. सास्तूरला घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे. लग्नसराईत नवरीच्या मेकअपसाठी ती लोहारा, उमरगा, निलंग्यापर्यंत जाते. पहाटे चारला उठून, स्कूटीच्या पुढ्यात किट ठेवून. ते किट तिनं बचत गटाचं कर्ज काढून घेतलंय, हप्ता अजून चालू आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्या मावसबहिणीचं लग्न दुबईत होतं आणि नवरी म्हणाली, मेकअप ताईच करणार. ताईचा पहिला विमानप्रवास. मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून तिला वेब चेक-इन करून दिलं, सीट खिडकीची घेतली आणि स्वतःवर खूश झालो. पॅकिंगबद्दल एक अक्षर सांगितलं नाही.

विमानतळाचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही विमानतळावर हेच झालं असतं. सिक्युरिटीत केबिन बॅग बाजूला काढली. मेकअप काढायचं पाणी, 400 मिलीची बाटली, गेली. ते एक वेळ समजू शकतं. पण सेटिंग स्प्रे? 150 मिलीची बाटली, आत फार तर 50 मिली उरलेला. ताई सांगत होती, "साहेब, थोडंच आहे हो आत." साहेबांनी बाटलीवरचा आकडा दाखवला आणि बाटली टबात टाकली. नियम आतल्या द्रवाचा नाही, बाटलीच्या मापाचा आहे. आईनं ओटीसाठी दिलेली सुक्या खोबऱ्याची वाटीही गेली. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेतं म्हणून आपल्याकडे विमानात चालत नाही, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

खरा घोळ पुढे झाला. दुबईत सुटकेस उघडली तर फाउंडेशनच्या तीन बाटल्यांनी पंपातून आतलं सगळं बाहेर टाकलेलं. ब्रश, पफ, पापण्यांच्या डब्या, सगळ्यावर गव्हाळ रंगाचा थर. बाटल्या फुटलेल्या नव्हत्या. झाकणं बंदच होती. आणि लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

"तू इंजिनिअर आहेस ना," ती म्हणाली, "मग सांग, बंद बाटली सांडली कशी?"

या प्रश्नाचं उत्तर देतो. त्याआधी जरा मागे जाऊ, चांगलंच मागे. कारण नटायचं सामान घेऊन लांबचा प्रवास करायचा आणि ते सांडू द्यायचं नाही, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात दोन हजार वर्षं जुना आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, तेरणा नदीच्या काठी. बहुतेकांना ते संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून माहीत असतं. पण त्याचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं हिंदी महासागराच्या व्यापाराची एक मार्गदर्शिका लिहिली, 'पेरिप्लस'. लिहिणाऱ्याचं नाव कोणालाच माहीत नाही. बंदरं कुठं, माल काय, वारा कधी, असा एकदम कोरडा मजकूर. आजच्या भाषेत डॉक्युमेंटेशन. त्यात तगर आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, मोठं शहर, तिथून साधं कापड, मलमल वगैरे माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भरूचच्या बंदरात जातो, असं तो लिहितो.

आता त्याच पुस्तकात भरूचला बाहेरून काय यायचं, ती यादी बघा. दारू, तांबं, कथील, पोवळं, काच. आणि अंजन, म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा ज्या खनिजाचा करतात ते. आणि सुगंधी लेप, पण त्यापुढे शेरा आहे: फार महाग नको आणि फार जास्तही नको. राजासाठी मात्र उंची लेप आणावेत, असं पुढे येतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ बसलो. द्रव सौंदर्यप्रसाधनं, मर्यादित प्रमाणात! ती मर्यादा बाजाराची होती, सुरक्षेची नाही, हे खरं. पण भरूचला माल उतरवणाऱ्यानंही बाटल्या मोजूनच आणल्या असणार.

अंजनाला असा शेरा नाही. माझा अंदाज असा की कोरडी वस्तू पोत्यात भरता येते, तिला नखरे नसतात. सुगंधी तेलाला बाटली लागते, बाटलीला बूच लागतं, गाडीच्या चाकाखाली दगड आला की बूच निघतं. रोमन लोक अशा तेलांसाठी लांब, अरुंद मानेच्या चिमुकल्या काचेच्या कुप्या वापरायचे. मान अरुंद, म्हणजे उडून जाणारं कमी, सांडणारंही कमी, थेंब थेंब ओतता येतं. ताईच्या सीरमच्या ड्रॉपरचं काम तेच.

उलट दिशेनंही नटण्याचा माल गेला. 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या उत्खननात एक हस्तिदंती भारतीय बाई सापडली, साधारण 24 सेंटीमीटर उंच. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ही मूर्ती त्याआधी तिथं पोचलेली. अंगावर दागिनेच दागिने आणि दोन्ही बाजूंना दोन दासी, प्रसाधनाचं सामान हातात धरून. आधी लोकांना वाटलं ही आरशाची मूठ आहे. आता बरेच अभ्यासक म्हणतात, लहान टेबलाचा पाय असावा. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. अशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आहे, तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. मी शाळेच्या सहलीत ती काच ओलांडून पुढे गेलो होतो, कारण बाहेर भेळवाला होता. त्या काचेसमोर परत उभं राहायला मला दहा वर्षं लागली. तुम्ही जाल तेव्हा भेळ नंतर खा.

तगरनंतर मोठी उडी मारतो, कारण मधल्या काळातल्या सामान्य बायकांच्या डब्या-कुप्यांबद्दल मला जे सांगता येईल ते थोडं आहे. आमचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, आणि हैदराबाद म्हटलं की अत्तर आणि सुरमा आलाच. अत्तरवाल्यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी स्पिरिट वापरलंच नाही, सुगंध चंदनाच्या तेलात उतरवला. तेल उडून जात नाही, थेंबभर पुरतं, म्हणून बाटली बोटाच्या पेराएवढी असली तरी चालतं. कनौजला अत्तर मुरवायला उंटाच्या कातड्याची कुप्पी वापरायची पद्धत होती, राहिलेला पाण्याचा अंश त्या कातड्यातून निघून जातो. म्हणजे पॅकिंगच मालावर काम करतं.

आणि घरातल्या बायका? त्यांच्याकडे फणेरपेटी होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: लाकडी चौकोनी पेटी, झाकण उघडलं की आतून आरसा, खाली खण. एका खणात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात मेणाची डबी, एकात काजळाची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नटण्याच्या जुन्या सामानाचा मोठा साठा आहे, सुरमेदाण्या, करंडे, पाय घासायच्या वज्र्या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेला हा सगळा संग्रह 1975 मध्ये महाराष्ट्र सरकारला दिला. तिथे फिरताना माझ्या लक्षात आलं की फणेरपेटीत ओतता येईल असं जवळजवळ काहीच नसतं. आधी कपाळाला मेणाचं बोट, त्यावर कोरडं कुंकू. काजळ म्हणजे दिव्याची काजळी आणि तूप, घट्ट. बैलगाडीतून माहेरी जा नाहीतर डोक्यावर गाठोडं घेऊन जत्रेला जा, पेटी उलटी झाली तरी नुकसान चिमूटभर.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. आमच्या आजीची पेटी खरोखर उलटी झाली होती.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीचा भूकंप म्हणून जग ओळखतं, पण सास्तूरचीही तीच गत झाली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, आणि खाली झोपलेली माणसं. दोन्ही जिल्हे धरून जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यात आमचे आजोबा होते. माझा जन्म नंतरचा, मला हे सगळं ऐकून माहीत. ताई तेव्हा वर्षाची होती, तिला आजीनंच ओढून बाहेर काढलं.

काही दिवसांनी ढिगारा उपसताना पेटी सापडली. आरशाचा चुरा झालेला, कुंकू खणाखणांत सांडलेलं, मेण मात्र डबीत होतं तसंच, वर आजीच्या बोटाचा खळगासुद्धा. आजीनं त्यानंतर कुंकू लावलं नाही. पण पेटी टाकलीही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, मग नव्या गावातल्या घरात, पेटी तिच्यासोबत फिरली. आता ती ताईच्या पार्लरमध्ये आरशाखाली असते. नवऱ्या विचारतात, अँटिक आहे का. ताई हो म्हणते आणि विषय बदलते.

बरं. मग घट्ट सामानाची जागा बाटल्यांनी कधी घेतली? हळूहळू. 1919 च्या सुमारास मुंबईत ई. एस. पाटणवालांनी 'अफगाण स्नो' आणलं, काचेच्या बरणीतली क्रीम. 1952 मध्ये टाटांनी 'लॅक्मे' सुरू केलं. लिपस्टिकची फिरवून वर येणारी नळी अमेरिकेत 1923 ची. रोल-ऑनची गंमत तर वेगळीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं बॉलपेन घेतली, कारण शाईची पेनं उंचावर गळायची. त्याच बॉलपेनच्या गोळीवरून 1952 मध्ये अमेरिकेत रोल-ऑन डिओडरंट आलं. म्हणजे उंचावर बाटली का गळते हा ताईचा प्रश्न वैमानिकांना ऐंशी वर्षांपूर्वीच पडला होता.

आता 100 मिलीकडे येऊ.

द्रव स्फोटकांचा धोका 2006 मध्ये अचानक कळला असं नाही. 29 नोव्हेंबर 1987 ला कोरियन एअरचं 858 क्रमांकाचं विमान अंदमान समुद्रावर पाडलं गेलं, 115 माणसं गेली. उत्तर कोरियाच्या दोन हस्तकांनी रेडिओत स्फोटक ठेवलं होतं आणि जोडीला दारूच्या बाटलीत द्रव स्फोटक. 11 डिसेंबर 1994 ला फिलिपिन्स एअरलाइन्सच्या विमानात सीटखाली स्फोट झाला, एक प्रवासी गेला. त्यातलं द्रव कॉन्टॅक्ट लेन्सच्या सोल्युशनच्या बाटलीतून आत नेलं होतं. ही तर सरळ सरळ प्रसाधनाच्या पिशवीतली बाटली! महिन्याभरात मनिलामध्ये एका खोलीला आग लागली आणि अशीच बरीच विमानं उडवायचा कट उघड झाला. तरीही जगभर बाटल्यांवर बंदी आली नाही.

ती आली 10 ऑगस्ट 2006 ला. लंडनमध्ये पहाटे धरपकड झाली. अमेरिका आणि कॅनडाला जाणाऱ्या विमानांत कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण न्यायचा बेत होता. त्या दिवशी ब्रिटनमध्ये लोकांना पासपोर्ट, पाकीट असं मोजकं सामान पारदर्शक पिशवीत घेऊनच विमानात चढता आलं. बाळाचं दूध आईला तपासणीत चाखून दाखवावं लागत होतं. पण पूर्ण बंदी चालवणं शक्य नव्हतं. सप्टेंबरअखेर अमेरिकेनं छोट्या बाटल्यांना परवानगी दिली, 6 नोव्हेंबरपासून युरोपनं 100 मिली आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी हा नियम लावला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे आयकाओनं, मार्च 2007 पर्यंत सगळ्या देशांनी तो घ्यावा अशी शिफारस केली. म्हणून आपल्याकडेही तोच.

बाटलीचं मापच का बघतात, आतलं का नाही? कारण रांगेत उभ्या हजार माणसांच्या बाटल्यांत किती उरलंय हे मोजत बसता येत नाही, छापलेला आकडा वाचता येतो. कोड लिहिणाऱ्याला हे लगेच कळतं: जी अट पटकन तपासता येते तीच ठेवायची. ताईला मात्र हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, अडीचशे रुपयांचा स्प्रे आतला होता, बाटली नव्हे. मला दोघांचंही बरोबर वाटतं.

हा नियम कायमचा आहे असंही नाही. नवीन थ्री-डी स्कॅनर बाटलीतलं द्रव काय आहे ते ओळखू शकतात. लंडन सिटी विमानतळानं 2023 मध्ये 100 मिलीची अट काढली. जून 2024 मध्ये ब्रिटिश सरकारनं ती तिथे परत लावली. तेव्हा कुणी सांगितलं, "आता चालतं रे," तर प्रवासाच्या आठवड्यात विमान कंपनीचं पान उघडून खात्री करा. देशांतर्गत प्रवासात थोडी सैल वागणूक दिसते, पण शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा.

आता बंद बाटली. सामानाच्या खणातही हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनइतकाच असतो, तिथे पोकळी वगैरे नसते. पण तो दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी, समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फुटांवर जितका असतो तितका. म्हणजे जमिनीवर बंद केलेली बाटलीतली हवा वर गेल्यावर पाव ते एक तृतीयांश जास्त जागा मागते. अर्ध्या भरलेल्या फाउंडेशनमध्ये ही हवा वरच्या बाजूला असते आणि पंपाची नळी खाली द्रवात बुडालेली. हवा फुगते, द्रवाला ढकलते, द्रवाला एकच वाट मिळते, नळीतून वर. ताईच्या तिन्ही बाटल्या अर्ध्या होत्या. भरलेली चौथी बाटली कोरडी ठणठणीत! मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ती दोन सेकंद गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे नवीन बाटल्या न्यायला हव्या होत्या, मी काटकसर करायला गेले."

दुसऱ्या दिवशी तिनं तिथल्या मॉलमधून फाउंडेशन घेतलं. जे पैसे गेले ते रुपयांत सांगितले तर आमची काकू अजूनही डोक्याला हात लावते. नवरी सुंदर दिसली, फोटो आहेत. पण कॉम्पॅक्ट, काजळ, लिपस्टिक, आयशॅडो, म्हणजे फणेरपेटीत बसलं असतं असं सगळं सामान सुखरूप पोचलं होतं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून तिची बॅग नव्यानं लावली. पंपाच्या बाटल्यांतलं फाउंडेशन ती आता मऊ प्लॅस्टिकच्या 30 मिलीच्या बाटल्यांत काढते, दाबून हवा घालवते आणि मग झाकण लावते. झाकणाखाली जेवणाच्या डब्याला लावतो त्या पातळ प्लॅस्टिकचा तुकडा. प्रत्येक बाटली वेगळ्या झिप पिशवीत, म्हणजे एक सांडली तर एकच सांडते. आयशॅडो आणि कॉम्पॅक्टच्या आत कापसाची चकती, कारण कोरड्या सामानाला दाबाची नाही, आदळण्याची भीती. नवरीला लागणारा नेमका शेड केबिन बॅगेत, सुटकेस हरवली तरी काम अडू नये. मस्कारा, लिपग्लॉस, जेल काजळ, पापण्यांचा गोंद हे सगळं द्रवात मोजतात, तेव्हा ते एक लिटरच्या पारदर्शक पिशवीतच. काडीची लिपस्टिक आणि काजळ पेन्सिल बाहेर चालते. कात्री सुटकेसमध्ये. लाइटच्या आरशाची पॉवर बँक मात्र उलट, ती केबिनमध्येच.

सुटकेसमध्ये बाटल्या मोठ्या चालतात, पण तिथेही हिशोब आहे. परफ्यूम, हेअर स्प्रे, नेलपॉलिश असलं ज्वलनशील सामान एका माणसाला एकूण दोन लिटर किंवा दोन किलो, आणि एक नग अर्ध्या लिटरच्या किंवा अर्ध्या किलोच्या वर नको. स्प्रेच्या डब्याला टोपण हवंच, दाबला गेला तर अख्खी बॅग वासानं भरते. ड्यूटी फ्रीमधलं परफ्यूम सीलबंद पिशवीत देतात. वाटेत विमान बदलायचं असेल तर ती पिशवी पावतीसकट तशीच राहू द्या, मोह आवरा.

आणि कोरडं म्हणजे बिनधास्त, असंही राहिलेलं नाही. 2018 पासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत 350 मिलीपेक्षा जास्त पावडर केबिनमध्ये असेल तर वेगळी तपासणी होते, अडवूही शकतात. लेकीकडे हळदी-कुंकवाला अर्धा किलो कुंकू घेऊन निघालेल्या मावश्यांनी ते सुटकेसमध्ये टाकावं.

गेल्या महिन्यात ताई परत विमानानं गेली, या वेळी दिल्लीला, ऑर्डरवर. उतरल्यावर तिनं बॅग उघडल्याचा फोटो पाठवला. सगळं कोरडं. खाली मेसेज: "मेणाची डबी पण आणलीय. आजीचीच. सांग, हे घन का द्रव?"

मी लिहिलं, घन. ती म्हणाली, "साहेबानं पण तेच सांगितलं. उघडून बघितली, आत बोटाचा खळगा दिसला, काही बोलला नाही. बंद करून परत दिली."